परदेशी पत्र्याचा भाव: शिवडी ते अंबड

मोटारीच्या बॉडीचे भाग परदेशातून मागवावेत की इथेच घडवावेत, हा हिशेब महाराष्ट्रात जवळपास शंभर वर्षे मांडला जात आहे. त्याची सुरुवात मुंबई बंदरात झाली आणि त्याचे आजचे ठळक रूप नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात दिसते. मुंबई-आग्रा महामार्गालगत, सिडकोच्या वस्तीला खेटून असलेले अंबड हे एके काळचे स्वतंत्र गाव आज नाशिक महापालिकेच्या हद्दीत आहे. मोटारी तयार होतात त्या शेजारच्या सातपुरात, महिंद्रच्या कारखान्यात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दिसतात त्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस, डाय आणि जिग-फिक्स्चर बनवणाऱ्या टूलरूम, प्लास्टिकच्या मोल्डिंगची आणि रंगकामाची युनिटे. परदेशी भागाला देशी पर्याय उभा राहतो तो अशा जॉबवर्कच्या शेडमध्ये.

जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डही त्याच काळात मुंबईत होती. गाडी अखंड न आणता सुट्या भागांच्या संचाने आणण्यामागे साधे गणित होते. जहाजाचे भाडे वजनापेक्षा व्यापलेल्या जागेवर अधिक ठरते, आणि तयार गाडीत सर्वांत जास्त जागा खाते ती तिची पोकळ बॉडी. दरवाजे, मडगार्ड, बॉनेट एकावर एक रचून पेटीत भरले की त्याच जागेत कित्येक गाड्यांचा माल मावतो. जोडणीची मजुरीही मुंबईत स्वस्त पडे. मात्र पत्रा दाबून आकार देणारी डाय परदेशातच राहिली, आणि मालाचा भावही तिच्याबरोबर तिकडेच ठरत राहिला.

ही परावलंबी स्थिती मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी केला. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्याला काम सुरू झाले. त्याच सुमारास महिंद्रने विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी मुंबईत हाती घेतली. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती आणि आयात परवान्यांवर चाले. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने स्पष्ट भूमिका घेतली: ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने इथेच उत्पादन करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच या धंद्यात राहू द्यावे. नुसती जुळणी करणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी त्यानंतर काढता पाय घेतला. तो निर्णय ग्राहकाला महाग पडला, गाड्यांचे नमुने वर्षानुवर्षे तेच राहिले, हे खरेच. पण डाय बनवणारा, पत्र्याचा ताण ओळखणारा कारागीर इथे घडला तोही त्याच सक्तीमुळे.

नाशिकची कहाणी 1962 नंतरची. त्या वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, सातपूरची वसाहत आकाराला आली आणि पुढे अंबडची. ओझरला 1964 पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. तिथे मिग-21 विमानांचे कामही आधी सोव्हिएत संघातून आलेल्या संचांच्या जुळणीने आणि मग हळूहळू इथल्या उत्पादनाने पुढे सरकले. विमान असो वा जीप, वाट एकच होती. 1980 च्या दशकात महिंद्रचा सातपूरचा कारखाना हलकी वाहने बनवू लागला, आणि मुंबईपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत एक नवे मोटार-केंद्र तयार झाले.

या केंद्राने परदेशी संचाचा अनुभव पुन्हा एकदा घेतला. 1991 च्या उदारीकरणानंतर महिंद्र आणि फोर्ड यांनी भागीदारी केली आणि 1996 मध्ये एस्कॉर्ट ही मोटार नाशिकला जुळवली जाऊ लागली. संच बाहेरून येत; म्हणजे डॉलर चढला की गाडी महाग आणि सीमाशुल्क वाढले की आणखी महाग. डिसेंबर 1997 मध्ये केंद्राने सुटे संच आयात करणाऱ्या मोटार कंपन्यांवर सामंजस्य कराराची अट घातली: तीन वर्षांत 50 टक्के आणि पाच वर्षांत 70 टक्के भाग देशी हवेत, शिवाय आयातीच्या तोडीची निर्यातही हवी. अमेरिका आणि युरोपीय संघाने ही अट जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि तिथे निकाल भारताच्या विरोधात गेला. फोर्डने तोवर आपला मुक्काम चेन्नईजवळ हलवला होता. नाशिकच्या वाट्याला उरला तो एक धडा: दुसऱ्याच्या डायवर काढलेल्या बॉडीची किंमत आपल्या हाती नसते.

स्कॉर्पिओ हे त्या धड्याचे उत्तर म्हणता येईल. जून 2002 मध्ये बाजारात आलेली ही गाडी नाशिकला तयार होत होती. तिच्या बॉडीच्या डाय परदेशातून घेतल्या, बाहेरचे आणि आतले भाग विकसित करण्याची जबाबदारी मोठ्या परदेशी पुरवठादारांवर सोपवली; पण आराखडा महिंद्रचा होता आणि पत्रा इथे दाबला जात होता. परदेशातून घ्यायचे ते तयार बॉनेट नव्हे, तर बॉनेट काढणारी डाय, हा फरक किमतीत निर्णायक ठरतो. डायचा खर्च एकदाच होतो आणि लाखभर गाड्यांवर तो विभागला की प्रत्येक गाडीच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. आयात केलेल्या भागावर मात्र भाडे आणि शुल्क प्रत्येक नगामागे नव्याने मोजावे लागते.

बॉडीचा आकार आणि कर यांचे नाते रेनॉच्या लोगनमध्ये आणखी स्पष्ट दिसले. 2007 मध्ये महिंद्र-रेनॉ भागीदारीत ही सेडान नाशिकला बनू लागली. 2006 च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, छोट्या इंजिनाच्या मोटारींचे उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले होते. लोगन सव्वाचार मीटरची असल्याने त्या सवलतीला मुकली. भागीदारी संपल्यावर महिंद्रने तिचे नाव व्हेरिटो केले आणि 2013 मध्ये मागचा भाग कापून 3991 मिलिमीटरची व्हेरिटो व्हाइब आणली. मूळ बॉडीवर कर वाचवण्यासाठी केलेली ही शस्त्रक्रिया होती. गाडी फारशी चालली नाही, आणि त्याचे नवल नाही: करासाठी आखलेली रेषा डोळ्याला खटकते.

कारखान्याबाहेरची हौशी दुनिया वेगळी आहे. आपल्या गाडीला परदेशी धाटणीचा बंपर, साइड स्कर्ट, स्पॉयलर बसवणारे लोक आधी जुन्या भागांच्या बाजारांवर आणि गॅरेजवाल्यांच्या फायबरकामावर अवलंबून असत. 1993 मध्ये दिलीप छाब्रिया यांनी डीसी डिझाइन सुरू केल्यावर या कामाला मोठी प्रतिष्ठा मिळाली. काचतंतू आणि रेझिन वापरून साच्यावर काढलेला भाग पोलादी डायच्या तुलनेत अगदी थोड्या भांडवलात होतो. दहा-वीस नगांसाठी तोच परवडतो. तोटा असा की त्याची जाडी सगळीकडे सारखी येत नाही, फटी जुळवायला डेंटरला घासकाम करावे लागते आणि ठोकर बसली की भाग वाकत नाही, तडकतो.

असा भाग परदेशातून मागवताना विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही निव्वळ सुरुवात असते. बंपरचे वजन सात-आठ किलो असले तरी 180 बाय 60 बाय 50 सेंटिमीटरच्या खोक्याचे विमानभाडे 90 किलोवर लागते, कारण हवाई मालवाहतुकीत घनसेंटिमीटरला 6000 ने भागून येणारे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. माल, विमा आणि भाडे यांच्या बेरजेवर सीमाशुल्क बसते. 2018 च्या अर्थसंकल्पाने अनेक मोटार भागांवरचे मूळ शुल्क 15 टक्क्यांवर नेले. ही बेरीज 100 रुपये धरली तर 15 रुपये शुल्क आणि त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार मिळून 116.50 होतात. त्यावर 28 टक्के एकात्मिक जीएसटी लागे तेव्हा भाग 149 रुपयांना पडे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोटार भागांवरचा दर 18 टक्के झाल्याने तोच भाग सुमारे 137 रुपये 50 पैशांना पडतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, गाडीमालकाला नाही. म्हणून तीच वस्तू आयातदाराकडून घेणे कधी कधी स्वतः मागवण्याइतकेच पडते. रंग, फिटिंग आणि वाटेत तडकलेल्या भागाचा धोका याहून निराळा.

आकाराच्या मालकीचा प्रश्नही या धंद्यात आहे. महिंद्रची रॉक्सर ही जीपच्या धाटणीची गाडी 2018 पासून भारतातून सुट्या भागांच्या संचाने अमेरिकेत जाऊ लागली आणि मिशिगनमध्ये जुळवली जाऊ लागली. शिवडीचा प्रवाह उलटा वाहू लागला होता. पण जीप या नाममुद्रेच्या मालक कंपनीने तिच्या चेहऱ्यामोहऱ्याविरुद्ध दाद मागितली आणि 2020 च्या जूनमध्ये अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तिच्या आयातीवर बंदी घातली. पुढचा भाग बदलून नवी रचना केल्यावरच त्याच वर्षअखेरीस वाट मोकळी झाली.

भारतात बॉडी बदलणाऱ्या मालकाला आधी कायदा पाहावा लागतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारा बदल करता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे सांगितले. पुढे-मागे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डविरुद्ध केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना लिहिले होते. तेव्हा खोके मागवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारपूस करावी आणि तसाच भाग अंबडच्या एखाद्या साचेवाल्याकडे किती पडेल, हेही विचारून घ्यावे.