धूर एक, आगी दोन : हेपॅटायटिस सी, सिगरेट आणि रक्तातल्या खुणा

माझ्या मामांचा हेपॅटायटिस सी बरा झाला, त्या दिवशी त्यांनी पहिलं काम काय केलं? दवाखान्यासमोरच्या टपरीवर सिगरेट पेटवली. म्हणाले, "अरे, रिपोर्ट निल आलाय. आता कशाला भ्यायचं?" मला तेव्हा काही बोलता आलं नाही. आजचा भाग म्हणजे ते राहून गेलेलं उत्तर.

सुरुवात १९३० ची, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधली. टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ दिसला. आजार भरात असताना असायचा, माणूस बरा झाला की गायब! हेच आपलं सीआरपी. पुढे कळलं की ते फक्त न्यूमोनियात नाही, शरीरात कुठेही दाह झाला की वाढतं. म्हणजे धूर दिसतो, पण आग कुठल्या घरात लागलीय ते कळत नाही.

आता गंमत बघा. सीआरपी तयार होतं मुख्यतः लिव्हरमध्ये. सिगरेटने ते वाढतं, पण लिव्हरच आजारी असेल तर आकडा कमीही राहू शकतो. म्हणून हेपॅटायटिसमध्ये डॉक्टर एसजीपीटीकडे बघतात. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की हे एन्झाइम रक्तात उतरतं.

याच खुणेनं विषाणूचा माग लागला. सत्तरच्या दशकात अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांना रक्त चढवलेल्या काही रुग्णांचे लिव्हरचे आकडे वाढलेले दिसत होते. तपासलं तर ए नाही, बी पण नाही! मग नावच पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. खरा विषाणू सापडला १९८९ मध्ये, मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. २०२० चं नोबेल ऑल्टर, हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळालं.

मग सिगरेटचं काय? २००१ आणि २००३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हेपॅटायटिस सीच्या रुग्णांच्या बायोप्सी पाहिल्या. सिगरेट ओढणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये दाह जास्त दिसला. दारूचा हिशेब वेगळा काढला, तरीही! दिवसाला पंधराच्या वर ओढणाऱ्यांत तर विशेष. आणि २०१४ च्या अमेरिकी सर्जन जनरलच्या अहवालानं स्पष्टच सांगितलं की धूम्रपानामुळे लिव्हरचा कॅन्सर होतो.

२०१३ नंतर आलेल्या नव्या गोळ्यांनी साधारण बारा आठवड्यांत विषाणू जातो. ही मोठीच गोष्ट आहे. पण इतकी वर्षं लिव्हरवर पडलेले व्रण गोळ्यांबरोबर लगेच जात नाहीत. मामांचा रिपोर्ट निल होता तो विषाणूचा, सिगरेटचा नव्हे.

परवा मी त्यांना म्हटलं, "मामा, दोन आगी होत्या. तुम्ही एकच विझवलीत." ते हसले. पाकीट खिशातच होतं, पण माझ्यासमोर काढलं नाही.

तुमच्या घरात असे कुणी मामा असतील, तर हा भाग त्यांना जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात!