भायखळ्याच्या मैदानावरील घोडशर्यतींचा दिवस : अश्वव्यापार, छावणी आणि दख्खनचा शिलेदार

प्रस्तावना

भारतातील घोड्यांच्या शर्यतींचा इतिहास सामान्यतः दोन अंगांनी मांडला जातो. काही अभ्यासक त्याकडे साहेबी करमणुकीचा इतिहास म्हणून पाहतात, तर काही जुगाराचा. दोन्ही दृष्टिकोनांत तथ्य आहे; परंतु दोहोंतही एक मूलभूत प्रश्न सुटून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत शर्यतीसाठी उतरणारा घोडा कोठून येत होता, त्याची पारख कोण करीत होते आणि शर्यत संपल्यानंतर तो कोठे जात होता, हा तो प्रश्न होय. त्याचा शोध घेतल्यास शर्यतीचे मैदान केवळ क्रीडांगण राहत नाही. ते अश्वव्यापाराचे आणि लष्करी गरजेचे परीक्षास्थळ ठरते.

जालना जिल्ह्याच्या दृष्टीने हा विषय परका नाही. जालना–मंठा मार्गावरील वाटूरचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि या भागाचे लष्करी केंद्र असलेली जालन्याची छावणी १८२७ मध्ये उभारली गेली. औरंगाबाद, हिंगोली व मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथेही हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. या छावण्यांचा कणा घोडदळ होता. त्यामुळे मुंबईच्या बंदरावर उतरणारा अरबी घोडा आणि मराठवाड्यातील स्वार यांचा संबंध जोडल्याशिवाय शर्यतींचा आरंभकाळ नीट उलगडत नाही. प्रस्तुत लेखात भायखळ्याच्या मैदानावरील शर्यतींच्या दिवसाची रचना, तिच्यामागील अश्वव्यापार आणि त्यातून दख्खनच्या अश्वपरंपरेवर झालेला परिणाम यांचा विचार केला आहे.

भायखळ्याचे मैदान : स्थापना आणि पार्श्वभूमी

मुंबईत टर्फ क्लबाची स्थापना १८०२ मध्ये झाली आणि भायखळ्याचे मैदान हे शर्यतींचे ठिकाण बनले. मद्रास व कलकत्ता येथे शर्यती अठराव्या शतकातच सुरू झाल्या होत्या. मुंबई त्या मानाने मागाहून आली. परंतु मुंबईला एक भौगोलिक लाभ होता. इराणच्या आखातातील बसरा आदी बंदरांतून निघणारी गलबते थेट मुंबईस येत. या गलबतांतून खजूर आणि मोती येत, तसेच अरबी घोडेही येत. अरब आणि इराणी सौदागर घोडे घेऊन येत, तबेल्यांत त्यांना ठेवून सावकाश विकत. एकोणिसाव्या शतकात अरबस्तानाबाहेरील अरबी घोड्यांची एक प्रमुख बाजारपेठ म्हणून मुंबईचा लौकिक झाला.

या बाजाराचा सर्वांत मोठा ग्राहक लष्कर होते. १८०३ पर्यंत इंग्रजांना मराठ्यांच्या घोडदळाशी सामना करावा लागला होता. जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईत आर्थर वेलस्ली यांचा एक घोडा गोळी लागून पडला, तर डायोमेड नावाचा त्यांचा अरबी घोडा भाल्याने जखमी होऊन बेपत्ता झाला. पुढे तो परत मिळाला. सेनापतीच्या जिवाचा भरवसा ज्या जनावरावर होता, त्याचे महत्त्व या एका प्रसंगावरून लक्षात येते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतरही दख्खनवर हुकमत ठेवण्यासाठी चपळ घोडदळाची गरज संपली नव्हती. अशा परिस्थितीत घोड्याची ताकद, दम आणि स्वभाव जाहीरपणे पारखण्याची सोय म्हणजे शर्यत होती.

शर्यतीचा दिवस

शर्यतींचा हंगाम हिवाळ्यात असे. आरंभीच्या काळात बहुतेक शर्यती सकाळीच होत. उन्हाचा ताप चढण्यापूर्वी घोडे पळवून व्हावेत, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. प्रत्यक्ष दिवस मात्र आदल्या रात्रीच सुरू होत असे. इंग्रजांच्या क्लबांत किंवा लष्करी मेसमध्ये जेवणानंतर ‘लॉटरी’ भरत असे. तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रथम तिकिटे विकली जात आणि चिठ्ठ्या टाकून प्रत्येक घोडा कोणा ना कोणा तिकीटधारकाच्या नावे निघे. त्यानंतर त्या घोड्यावरील हक्काचा लिलाव पुकारला जाई आणि लिलावाची रक्कम मूळ निधीत भर घाली. अशा लिलावी पैजेला इंग्रजीत आजही ‘कलकत्ता’ म्हणतात. तिचे मूळ हिंदुस्थानात आहे याची खूण त्या नावातच राहिली आहे.

या लिलावात केवळ नशिबाचा भाग नव्हता. कोणत्या घोड्याला किती बोली लागते, यावरून त्याची बाजारातील पत ठरे. दुसऱ्या दिवशी तो घोडा जिंकला तर ती पत वाढे, हरला तर उतरे. सौदागर, अधिकारी आणि धनिक यांच्या दृष्टीने लॉटरीची रात्र ही एक प्रकारे किंमतनिश्चितीची सभाच होती.

सकाळी मैदानावर प्रथम घोड्यांची उंची आणि स्वारांचे वजन पाहिले जाई. उंची ‘हँड’ या मापात मोजत. एक हँड म्हणजे चार इंच. अरबी घोडे बहुधा चौदा ते पंधरा हँडांचे असत. काही शर्यतींत घोड्याच्या उंचीनुसार त्याने वाहावयाचे वजन ठरे. उंच घोड्यावर अधिक आणि ठेंगण्यावर कमी भार टाकला जाई. वजन ‘स्टोन’मध्ये, म्हणजे चौदा पौंडांच्या, सुमारे ६.३५ किलोच्या एककात सांगत. स्वार हलका भरला तर खोगिराबरोबर शिसे देऊन वजन पुरे केले जाई.

शर्यतींचे स्वरूपही आजच्याहून वेगळे होते. आज एखादी शर्यत दीड-दोन मिनिटांत संपते आणि त्या दिवसापुरते त्या घोड्याचे काम आटोपते. त्या काळी ‘हीट’ची पद्धत रूढ होती. तेच घोडे दोन मैलांसारखे अंतर पुन्हा पुन्हा धावत आणि दोन फेऱ्या जिंकणारा घोडा विजयी ठरे. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मोतद्दार घोड्याचा घाम पुसत, तंग सैल करीत, त्याला हळूहळू चालवीत. या पद्धतीत निव्वळ वेगाला फारशी किंमत नव्हती. दम आणि पुन्हा उभारी धरण्याची शक्ती यांचीच कसोटी लागे. स्वारीवर दिवसभर चालणाऱ्या लष्करी घोड्याकडून नेमकी हीच अपेक्षा असते. हीटची पद्धत आणि घोडदळाची गरज यांतील हा मेळ योगायोगाचा मानता येत नाही. शर्यतीत लष्करी अधिकारी अनेकदा स्वतः स्वार होत, ही बाबही याच निष्कर्षाला बळ देते.

मुंबईहून १८२८ ते १८३३ या काळात ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ हे इंग्रजी नियतकालिक प्रसिद्ध होत असे. केवळ शिकार आणि शर्यतींना वाहिलेले नियतकालिक त्या काळी मुंबईत निघावे, यावरून या विषयाचे लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांच्या जीवनातील स्थान कळते.

मैदानावरील समाजरचना

शर्यतीचा दिवस सर्वांसाठी खुला वाटत असला तरी त्याची मांडणी दर्जानुसार होती. १८३३ मध्ये स्थापन झालेल्या भायखळा क्लबाचे सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नसे. दुसरीकडे, मैदानावर धावणारा घोडा अरब वा इराणी सौदागराने आणलेला असे, त्याची निगा देशी मोतद्दार राखत असे आणि त्याच्या मालकांतही हिंदी व इराणी धनिकांचा समावेश होता. १८४० च्या दशकात इराणहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले पहिले आगाखान हसन अली शाह हे अरबी घोड्यांचे मोठे शौकीन होते. त्यांच्या तबेल्याची परंपरा पुढे तिसऱ्या आगाखानांनी युरोपच्या मैदानांपर्यंत नेली. मैदानात घोडा उतरविण्याचा अधिकार होता, पण क्लबाच्या मेजावर बसण्याचा नव्हता, अशी ही विसंगती होती. ती दूर करण्याच्या गरजेतून १९१७ मध्ये सर्व जमातींना खुला असलेला विलिंग्डन क्लब निघाला आणि तोही महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळच, हे सूचक आहे.

या दिवसातील सर्वांत अनामिक घटक म्हणजे मोतद्दार, गवत कापून आणणारे आणि चाबूकस्वार. घोड्याचे नाव, मालकाचे नाव आणि स्वार अधिकाऱ्याचे नाव छापील पानांवर टिकले. पहाटे तोबरा चढविणारा आणि रात्री खरारा करणारा माणूस मात्र त्या पानांवर क्वचितच दिसतो. शर्यतींचा सामाजिक इतिहास लिहिताना ही उणीव ध्यानात घेणे क्रमप्राप्त ठरते.

भायखळ्याहून महालक्ष्मीला

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर भायखळ्याचा परिसर झपाट्याने बदलला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि तिचा मार्ग भायखळ्यावरून गेला. १८५६ मध्ये ताडदेव येथे मुंबईच्या पहिल्या कापडगिरणीचे उत्पादन सुरू झाले. गिरण्या, चाळी आणि मजूरवस्ती यांच्या वेढ्यात मोकळे मैदान टिकणे अवघड होते. भायखळ्यातील शर्यती १८७८ पर्यंत चालल्या. १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या भराव घातलेल्या दलदलीच्या जमिनीवर नवे रेसकोर्स सुरू झाले. मेलबर्नमधील कॉलफिल्डचे मैदान त्याचा नमुना होते. हैदराबाद संस्थानातही १८८६ मध्ये सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात शर्यती मलकपेठ येथे आल्या.

हे स्थलांतर केवळ जागेचे नव्हते. याच सुमारास न्यू साउथ वेल्समधून येणारे ‘वेलर’ घोडे लष्करात अरबी घोड्यांची जागा घेऊ लागले होते. हीटची जुनी पद्धत मागे पडली आणि एकदाच, वेगाने धावण्याची शर्यत रूढ झाली. शर्यतीचा घोडा आणि स्वारीचा घोडा यांची फारकत झाली. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली, तेव्हा शर्यतीचा आणि लष्करी निवडीचा संबंध जवळजवळ संपलेला होता.

दख्खनचा शिलेदार आणि भीमथडीचे तट्टू

या घडामोडींची दुसरी बाजू दख्खनच्या खेड्यांत दिसते. मराठा लष्करात शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई, तर बारगिराला सरकारी पागेतून घोडा मिळे. या व्यवस्थेमुळे घोडा ही खेड्यातील कुटुंबाची मालमत्ता आणि प्रतिष्ठा होती. भीमा खोऱ्यातील भीमथडीचे घोडे अंगाने लहान, परंतु काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला गाठणारे म्हणून प्रसिद्ध होते.

इंग्रजांनी शिलेदार हा शब्द आणि त्यामागील तत्त्व दोन्ही उचलले. हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळ याच पद्धतीवर उभे होते. स्वार ‘असामी’ची रक्कम भरून घोडा व साहित्य यांची जबाबदारी घेई. मात्र घोड्याची पसंती आता वरिष्ठ अधिकारी ठरवू लागला आणि त्याच्या नजरेपुढे उंच, देखण्या अरबी घोड्याचा आदर्श होता. देशी तट्टू त्या मापात बसत नव्हते. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाली आणि जालन्याची छावणी उठली. पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत शिलेदारी पद्धतच मोडीत निघाली. घोडा पाळण्याला असलेला लष्करी आधार अशा रीतीने नाहीसा झाला. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा आणि नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची यात्रा येथील घोडेबाजार हे त्या जुन्या अश्वसंस्कृतीचे अवशेष होत.

कायद्याच्या दोन फूटपट्ट्या

शर्यतींना मिळालेली कायदेशीर वागणूकही विचारात घेण्याजोगी आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा, तर मुंबई रेसकोर्स परवाना कायदा १९१२ चा. या व्यवस्थेत परवाना असलेल्या मैदानावरील पैज सामान्य जुगारापासून वेगळी मानली गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. याउलट खेड्यातील शंकरपटावर २०१४ च्या निकालाने बंदी आली. राज्याने कायद्यात दुरुस्ती केल्यावर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. शंकरपटात बैलांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न खराच आहे आणि तो नाकारता येणार नाही. परंतु चाबूक दोन्हीकडे असताना एका खेळाला शतकभर परवान्याचे संरक्षण लाभावे आणि दुसऱ्याला आपली बाजू न्यायालयात वर्षानुवर्षे मांडावी लागावी, यामागे खेळांच्या सामाजिक दर्जाचाही इतिहास आहे.

निष्कर्ष

१. आरंभीच्या काळातील भायखळ्याच्या शर्यती ही केवळ करमणूक नव्हती. अरबी घोड्यांच्या व्यापारातील किंमत आणि लष्करी उपयुक्तता ठरविण्याचे ते साधन होते.

२. हीट, वजन आणि उंची यांचे नियम वेगापेक्षा दमाला महत्त्व देणारे होते व ते घोडदळाच्या गरजेशी सुसंगत होते.

३. मैदानावर विविध जमाती एकत्र येत असल्या तरी क्लबाच्या सभासदत्वाने वांशिक भेद कायम ठेवला. श्रम करणारा मोतद्दार नोंदींतून वगळला गेला.

४. उंच अरबी घोडा हा आदर्श ठरल्याने आणि पुढे शिलेदारी संपल्याने दख्खनच्या देशी घोड्याचा आधार तुटला.

२०२४ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांपैकी १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचा आणि ९१ एकर क्लबाकडे ठेवण्याचा निर्णय झाला. दोनशे वर्षांपूर्वी दोरीपलीकडे उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाचा त्या मैदानावरील हक्क यामुळे प्रथमच मान्य झाला आहे. मैदानाचा हिशेब अशा रीतीने मांडला जात असताना, त्याच इतिहासात मागे पडलेल्या भीमथडीच्या घोड्याचा आणि मराठवाड्यातील छावण्यांच्या स्वारांचा हिशेबही मांडला जाणे आवश्यक आहे. त्यासाठी माळेगावसारख्या यात्रांतील अश्वव्यापार, घोडे पाळणाऱ्या कुटुंबांच्या मौखिक आठवणी आणि छावण्यांची दप्तरे यांचा एकत्रित अभ्यास मराठवाड्यातील महाविद्यालयांनी हाती घ्यावयास हवा.