वऱ्हाड सार्वजनिक सभा व तिच्या भोंवतालची आद्य मंडळी

शिकागो शहरीं इ. स. १९०५ च्या फेब्रुवारीच्या २३ व्या तारखेस पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें तीन स्नेह्यांसह रोटरी मंडळाचा पाया घातला. आरंभीं परस्पर स्नेह व व्यवसायवृद्धि आणि पुढें लोकसेवा, असा त्या मंडळाचा क्रम आहे. त्याचा प्रसार पुढें वऱ्हाडांतही झाला. परंतु वकील व व्यापारी यांनीं एकत्र बसून लोकहिताचा विचार करावा, ही कल्पना या प्रांतास नवी नव्हती. शिकागोच्या त्या बैठकीपूर्वीं १९ वर्षें, म्हणजे १८८६ सालीं, वऱ्हाड सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. तिच्या भोंवतीं वावरलेल्या कांहीं गृहस्थांचीं चरित्रें येथें संक्षेपानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अशी सभा वऱ्हाडांत अवश्य कां वाटली, हें प्रथम पाहिलें पाहिजे. १८५३ च्या तहानें निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला. तथापि त्यावरील निजामाचें स्वामित्व कायद्यानें लोपलें नाहीं. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटामार्फत चाले. प्रांतास विधिमंडळ नव्हतें. १९०२ च्या करारानें २५ लक्ष रुपये वार्षिक खंडावर वऱ्हाड कायमचें इंग्रजांकडे गेलें व १९०३ सालीं तें मध्यप्रांतास जोडण्यांत आलें. तोंपर्यंत प्रजेला आपलें गाऱ्हाणें सांगण्यास अर्जावांचून दुसरें साधन नव्हतें.

दुसरें कारण कापूस. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–१८६५) तिकडील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडी मालास भाव चढला. पाठोपाठ आगगाडी आली, सरक्या काढण्याचे व गांठी दाबण्याचे कारखाने निघाले, आडतीच्या पेढ्या वाढल्या. पैसा आला तसे तंटेही आले, व तंट्यांबरोबर पदवीधर वकील आले. सभेस माणसें मिळालीं तीं या मंथनांतूनच.

या मंडळींत अग्रमान रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांचा. त्यांचा जन्म १८५७ सालीं धुळें येथें झाला. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत विद्याभ्यास करून ते अमरावतीस वकिली करूं लागले. सार्वजनिक सभेचें चिटणिसाचें काम त्यांनीं अनेक वर्षें वाहिलें. १८९० सालीं ह्यूम, सुरेंद्रनाथ बानर्जी प्रभृतींबरोबर राष्ट्रसभेच्या वतीनें ते विलायतेस गेले. १९१२ सालीं बांकीपूरच्या राष्ट्रसभेचे अध्यक्ष झाले. हें सर्वविश्रुत आहे. आम्हांस त्याहून अधिक मोलाचें वाटतें तें त्यांचें उद्योगविषयक कार्य. बेरार ट्रेडिंग कंपनीच्या उभारणींत त्यांचा पुढाकार होता. १९०५ सालीं काशीस रमेशचंद्र दत्तांच्या अध्यक्षतेखालीं पहिली औद्योगिक परिषद भरली. पुढें त्या परिषदेचें चिटणिशीचें ओझें मुधोळकरांनीं वाहिलें आणि तिचीं इतिवृत्तें अमरावतीहून प्रसिद्ध झालीं. अखिल हिंदुस्थानच्या उद्योगधंद्यांचें दप्तर अमरावतीसारख्या शहरीं असावें, ही गोष्ट लहान नव्हे. १९२१ सालीं ते निवर्तले.

गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे मूळ वऱ्हाडचेच. कांहीं वर्षें सरकारी नोकरी करून १८९० च्या सुमारास त्यांनीं अमरावतीस वकिली मांडली. टिळकांना १९०८ सालीं शिक्षा झाल्यावर त्यांच्या अपिलासाठीं हे विलायतेस गेले व दोन वर्षें तेथें राहिले. संशोधकांवर त्यांचे उपकार निराळेच आहेत. त्यांनीं वर्षानुवर्षें इंग्रजींत रोजनिशी लिहिली. ती दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे.

मोरोपंत विश्वनाथ जोशी हे अमरावतीचे तिसरे नामांकित वकील. ते पुढें मध्यप्रांत सरकारांत गृहखात्याचे सभासद झाले. १९२८–२९ च्या संमतिवय समितीचे अध्यक्षही तेच. अकोल्यास वकीलवर्गांत देवराव विनायक दिगंबर हे पुढारी होते, तर विद्याखात्यांत विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१–१९२३). महाजनींनीं शेक्सपिअरचीं नाटकें मराठींत आणिलीं. १९०७ सालीं पुण्याच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें.

खापर्डे जहाल, मुधोळकर व जोशी मवाळ; म्हणून यांचीं चरित्रें दोन निरनिराळ्या कप्प्यांत घालण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. १९०७ च्या सुरतेच्या फुटीचा अर्थ मागील कालावर लादणें म्हणजे फळावरून बीजाचा रंग सांगण्यासारखें होय. १८९७ च्या डिसेंबरांत अमरावतीस शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रसभा भरली. टिळक तुरुंगांत होते. नुकताच दुष्काळ पडून गेला होता, मुंबई इलाख्यांत प्लेगचा कहर होता. अशा समयीं स्वागताध्यक्ष खापर्डे व मुधोळकरप्रभृति मंडळी एकाच मंडपाखालीं राबली.

परंतु गुणांबरोबर उणीवही सांगितली पाहिजे. कारंजाचा बाजार १८८६ सालीं नियंत्रणाखालीं आला आणि १८९७ सालीं वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. वजनमापें, दलाली व आडत यांस त्यानें शिस्त लागली; १९२८ च्या शाही शेतकी आयोगानें असे नियंत्रित बाजार अन्यत्रही व्हावे अशी शिफारस केली. तथापि त्या कायद्याखालील बाजार-समित्यांत नगरपालिकेचे व व्यापाऱ्यांचे प्रतिनिधि बसत. ज्याच्या गाडींतला कापूस तोलला जाई त्या कुणब्यास जागा नव्हती. त्या पिढीची दृष्टि दूरवर पोंचली खरी, पण पेढीच्या उंबरठ्याबाहेर उभा असलेला मनुष्य तिला पुरता दिसला नाहीं. लोकसेवेच्या कोणत्याही मंडळास ही कसोटी आजही लाविली पाहिजे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. पोथी, सनद व ताम्रपट यांस आपण जपतों. परंतु आडतदुकानांच्या कीर्द-खतावण्या, मग त्या मोडींत असोत कीं मारवाडी पेढ्यांच्या मुडियांत, रद्दींत जातात. पुढाऱ्यांचीं भाषणें छापलेलीं आहेत. कुणब्यास कोणत्या दिवशीं काय भाव मिळाला, आडत किती कापली गेली आणि धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा कोठें गेला, हें त्या वह्यांवांचून कळणार नाहीं. ज्यांच्या माडीवर असें दप्तर असेल त्यांनीं तें विकण्यापूर्वीं त्यांतील वर्ष, गांव व पेढीचें नांव एवढें तरी टिपून मंडळाकडे पाठवावें. मूळ वही मिळाल्यास उत्तम. तिची यादी मिळाली तरी आम्ही ऋणी राहूं.