मिठागरांच्या गावात आयोडीनचा दुष्काळ

पावसाळा सरला की वसई तालुक्यातल्या नायगाव, जूचंद्र, राजावली, उमेळे या गावांच्या खाजणात बांधबंदिस्ती सुरू व्हायची. भरतीचे पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत, उन्हाने आटवत आगरी कुटुंबे पावसाच्या तोंडापर्यंत मीठ पिकवत. इंग्रजी अमलात याच मिठावर कर होता. तो १९४७ मध्ये उठला. पुढे मिठाला नवा कायदा लागू झाला, तो मात्र आरोग्याचा.

समुद्राचे मीठ खाणाऱ्याला आयोडीन कमी कसे पडेल, असे कोणालाही वाटेल. हिशेब वेगळा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि जेमतेम ५० ते ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. ते सगळे मिठात उतरले, तरी १० ग्रॅम मिठातून १४-१७ मायक्रोग्रॅमच मिळेल. प्रत्यक्षात मीठ धरताना बरेचसे मागे उरणाऱ्या पाण्यातच राहते. गरोदर स्त्रीची रोजची गरज आहे २५० मायक्रोग्रॅम.

एरवी १५० पुरते. मग गरोदरपणीच जास्त का? पहिले तीन महिने गर्भ आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉइडच्या संप्रेरकासाठी पूर्णपणे आईवर अवलंबून असतो आणि मेंदूची घडण तेव्हाच सुरू होते. आईची ग्रंथी जादा काम करते, शिवाय लघवीवाटे आयोडीनही अधिक जाते. तीव्र कमतरतेत गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकते किंवा मतिमंद, बहिरे निपजू शकते.

देशाला हे उशिरा उमगले. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू केला आणि गलगंडाचे, म्हणजे आयोडीनअभावी गळ्यावर येणाऱ्या गाठीचे, प्रमाण घटले. त्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, पण त्याचा रोख हिमालयाच्या पट्ट्यावर होता. किनाऱ्यावरही कमतरता असते, हे नंतरच्या पाहण्यांतून दिसले. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून गलगंड गेला आणि ‘आयोडीन न्यूनता विकार’ आले. गळ्यावरच्या गाठीइतकीच आता न दिसणाऱ्या नुकसानीचीही दखल होती.

कायद्याची वाट मात्र वाकडी. खाण्यासाठी साधे मीठ विकायला १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये केंद्राने ती मागे घेतली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू केली. विरोधकांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते: छोट्या मिठागरवाल्याकडे आयोडीन मिसळायची यंत्रे कुठली? त्याचे खडेमीठ मासळी खारवायला, गुरांना, कारखान्यांना विकता येते. जेवणाच्या ताटासाठी मात्र नाही.

वसई-अर्नाळ्याच्या कोळीवाड्यांतली मासळी आयोडीन देते, पण रोज आणि सर्वांच्या ताटात ती नसते. मिठाचा भरवसा त्यासाठीच. कारखान्यातून निघताना त्यात प्रति किलो किमान ३० मिलिग्रॅम आणि ग्राहकाच्या हाती किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण ठरले. दमट हवेत उघडे ठेवलेले मीठ ते गमावते. म्हणून पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ आहे का ते पाहावे, मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावे, जास्त खाऊ नये, आणि दिवस राहिले की थायरॉइडची तपासणी करावी का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावे.