आमच्या मारुतीचं दान



14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली. किंमत सुमारे 50 हजार. तोवर मोटार म्हणजे अ‍ॅम्बॅसेडर नाहीतर फियाट, आणि तीही मोठ्यांच्या दारात. या छोट्या गाडीनं नोकरदार आणि दुकानदारांच्या घरी चारचाकी आणली. 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं.

आमची गाडी 2009 ची. सासूबाईंना कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला तिनंच नेलं. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली तेव्हा मी म्हटलं, "पांजरपोळाला देऊन टाकू." तिथल्या काकांनी हात जोडले. "ताई, पासिंग, विमा, टायर कोण करणार? चाऱ्याचेच पैसे पुरत नाहीत."

ऐकून लाज वाटली. आहार, औषध, शास्त्र, अभय ही चार दानं लहानपणीच पाठ केली होती. पण मी तर दानाच्या नावाखाली अडगळ काढायला निघाले होते!

मग आम्हीच पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, टायर बदलले, वर्षाचा विमा उतरवला आणि गाडी संस्थेच्या नावावर करून दिली. नाव बदललं नाही तर कागदोपत्री मालक आपणच राहतो, हे लक्षात ठेवा. 80जी ची वजावट मिळाली नाही. ती फक्त पैशाच्या दानाला असते. माझ्या बी.कॉम.च्या हिशेबात हा खर्चच.

आता आजारी जनावरांसाठी डॉक्टर आणि औषधं त्याच गाडीतून जातात.