मस्तिष्क आघात

मस्तिष्क आघात : रोहिणी बंद पडल्यामुळे किंवा फुटल्यामुळे मेंदूच्या एखाद्या भागाचे कार्य एकाएकी थांबणे, या विकाराला ‘मस्तिष्क आघात’ म्हणतात. शरीराची एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे व वाचा जाणे ही त्याची परिचित लक्षणे होत. व्यवहारात या विकारालाच अर्धांगवायू, लकवा किंवा पक्षाघात म्हटले जाते. वस्तुतः पक्षाघात हे लक्षण असून मूळ विकार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा असतो. हा भेद उलगडत गेला, तोच या विकाराचा इतिहास होय.

प्राचीन उपपत्ती : चरकसंहितेत पक्षवधाची गणना वातव्याधींत केली आहे. प्रकुपित वात शरीराच्या अर्ध्या भागातील सिरा व स्नायू शोषून त्या बाजूची हालचाल नष्ट करतो, असे तिचे प्रतिपादन आहे. ‘अर्धांगवायू’ या मराठी नावात ही कल्पना आजही टिकून आहे. दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन यांनी मेंदूच्या पोकळ्यांत साचणाऱ्या कफाला कारण मानले. लक्षणांचे निरीक्षण बारकाईचे असले, तरी या उपपत्तींत रोहिणीच्या विकाराला स्थान नव्हते.

मेंदूचा रक्तपुरवठा : मेंदूचे वजन शरीराच्या सु. २ टक्के असते. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनापैकी सु. २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. मेंदूत ऊर्जेचा साठा जवळजवळ नसल्याने रक्तप्रवाह थांबताच काही मिनिटांत कोशिका मरू लागतात. मानेतील दोन अंतर्ग्रीवा रोहिणी व दोन कशेरुक रोहिणी मेंदूला रक्त पुरवितात. मेंदूच्या तळाशी त्यांच्या शाखा परस्परांना जोडल्या जाऊन एक वलय तयार होते. स्विस वैद्य योहान याकोब व्हेप्फर यांनी १६५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आघाताने मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूत रक्तस्राव आढळल्याचे शवपरीक्षेच्या आधारे नमूद केले. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये उपर्युक्त वलयाचे कार्य स्पष्ट केले. एका मनुष्याची एका बाजूची ग्रीवा रोहिणी पूर्ण बंद असूनही त्याला आघात झाला नव्हता. वलयातून दुसऱ्या बाजूचे रक्त मिळत राहिले, असे त्यांनी दाखविले. हे वलय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते सर्वांत सारखे पूर्ण नसते. त्यामुळे तोच अडथळा एकाला निरुपद्रवी, तर दुसऱ्याला घातक ठरतो.

प्रकार व कारणे : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडोल्फ फिरखो यांनी जागच्या जागी गुठळी होणे (अंतर्क्लथन) आणि दुसरीकडून वाहत आलेली गुठळी अडकणे (अंतर्कीलन) यांतील फरक स्पष्ट केला. आघाताचे मुख्य प्रकार दोन : रोहिणी बंद पडून होणारा अरक्तताजन्य आणि ती फुटून होणारा रक्तस्रावी. पहिल्याच्या मुळाशी रोहिणीच्या भित्तीवरील मेदाचे थर किंवा हृदयातून आलेली गुठळी असते. भारतात संधिवाती ज्वराने विकृत झालेल्या हृदयाच्या झडपा हेही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. दुसऱ्याचे प्रमुख कारण अतिरक्तदाब हे असून कधी रोहिणीविस्फार फुटून मेंदूच्या आवरणांमध्ये रक्त साचते. अतिरक्तदाब, मधुमेह व तंबाखूसेवन यांमुळे आघाताचा धोका वाढतो. लक्षणे थोड्या वेळात पूर्णपणे नाहीशी झाली, तरी तो पुढील आघाताचा इशारा समजावा.

निदान व उपचार : केवळ लक्षणांवरून हे दोन प्रकार खात्रीने ओळखता येत नाहीत आणि एकाचा उपचार दुसऱ्यात घातक ठरतो. पोर्तुगालचे एगास मोनिश यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी मेंदूच्या रोहिणींचे चित्रण केले. याच तंत्राने मुंबईतील प्र. म. दलाल व त्यांचे सहकारी यांनी रोहिणीत अडकलेली गुठळी कधीकधी आपोआप विरघळते, असे दाखविले (१९६५). १९७१ मध्ये संगणकीय छेददर्शनाने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्रण झाले व जिवंतपणीच रक्तस्राव ओळखणे शक्य झाले. त्यामुळेच गुठळी विरघळविणारे औषध सुरक्षितपणे देता येऊ लागले. आरंभापासून तीन तासांच्या आत ते दिल्यास उपयोग होतो, हे १९९५ मध्ये सिद्ध झाले. २००८ मध्ये ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या रोहिणीतील गुठळी नलिकेद्वारे काढण्याची उपयुक्तता २०१५ मध्ये प्रस्थापित झाली.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला १४५ व्यक्तींना प्रथमच आघात झाल्याचे आढळले; त्यांपैकी सु. ८० टक्के आघात अरक्तताजन्य होते. विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत २०११–१३ या काळातील मृत्यूंचा अभ्यास केला. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ आघाताने झाले होते व मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच होते. या मृत्यूंपैकी सु. ८७ टक्के घरीच झाले. यावरून आघात हा केवळ शहरी विकार आहे, ही समजूत चुकीची ठरते. छेददर्शनाची सोय असलेले रुग्णालय काही तासांत गाठणे ज्या गावांतून अवघड आहे, तेथे रक्तदाबाची नियमित तपासणी व सातत्याने औषधोपचार हाच मृत्यू टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.