टाके घातल्यानंतरचा इतिहास

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली. कावसजी नावाचा गाडीवान इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकत असे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. वैद्यकाच्या इतिहासात ही हकिकत कापण्याच्या कौशल्यासाठी सांगतात: मेणाचा साचा, त्यावरून कपाळावर आखलेली रेघ, आणि दोन डोळ्यांच्या मधोमध न कापता राखलेला कातडीचा देठ, ज्यातून रक्त वाहते राहते. पण मूळ मजकुरात पुढच्या दिवसांचा हिशेबही तितक्याच बारकाईने दिला आहे. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावायचा, अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकीवर एक ठेवायच्या आणि चार दिवस त्यांना हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापड घालायचे आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापायचा. नाक घडवणे एका बैठकीचे काम असले, तरी ते अंगाला लागायला हे पंचवीस दिवस लागत होते.

ही हकिकत इथे सांगण्याचे कारण म्हणजे आजच्या लिंगबदल शस्त्रक्रियांची एक मुख्य वाट याच देठावरून निघते. या शस्त्रक्रियांचा इतिहास बहुधा धाडसी शल्यविशारदांची नामावळी म्हणून लिहिला जातो: अमक्याने पहिली केली, तमक्याने सुधारली. मला तो वेगळ्या बाजूने वाचावासा वाटतो. चाकू थांबल्यावर रोग्याला काय सोसावे लागले, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, यावरून कोणती पद्धत टिकली आणि कोणती मागे पडली हे ठरत गेले. आज एखाद्या ट्रान्स व्यक्तीसमोर डॉक्टर जे पर्याय मांडतात, ते मुळात बरे होण्याच्या अडचणींना शोधलेली वेगवेगळी उत्तरे आहेत. आणि जिथे जिथे कायद्याने किंवा लाजेने हा बरे होण्याचा काळ लपवायला लावला, तिथे त्याची किंमत रोग्याच्या शरीराने मोजली.

लंडनमध्ये जोसेफ कार्पू याने १८१४ साली या पद्धतीने नाक केले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे युरोपात ही रीत 'भारतीय पद्धत' म्हणून रुळली. शंभर वर्षांनी पहिल्या महायुद्धाने चेहरे उद्ध्वस्त झालेले हजारो सैनिक इंग्लंडमधल्या रुग्णालयांत आणून टाकले. सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात हॅरोल्ड गिलीज हा न्यूझीलंडमध्ये जन्मलेला डॉक्टर १९१७ साली एका भाजलेल्या खलाशाचा चेहरा दुरुस्त करत होता. छातीवरून उचललेल्या कातडीच्या कडा आपोआप आत वळताहेत हे त्याने पाहिले आणि त्या कडा शिवून त्याने देठाची बंद नळी केली. ओडेसात व्लादिमिर फिलातोव हा डॉक्टरही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला होता. या नळीचे महत्त्व दिसण्यापेक्षा भरून येण्यात होते. उघडी ओली बाजू आत झाकली गेली, जंतूंना वाट उरली नाही, आणि प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात मोठा कातडीचा तुकडा जिवंत ठेवून टप्प्याटप्प्याने शरीराच्या दुसऱ्या भागाकडे नेता येऊ लागला. १९३६ मध्ये रशियात निकोलाय बोगोराझ याने अशाच नळीतून, आत बरगडीची कूर्चा घालून, गमावलेले पुरुषाचे लिंग पुन्हा घडवल्याचे प्रसिद्ध केले. या सगळ्यांचे रोगी जखमी पुरुष होते. पण पद्धत एकदा हाताशी आली, की ती कोणासाठी वापरायची हे तिच्यात लिहिलेले नसते.

मायकल डिलन या ट्रान्स पुरुषावर गिलीजने १९४६ ते १९४९ या काळात बेसिंगस्टोकजवळच्या रूक्सडाउन हाउसमध्ये निदान तेरा शस्त्रक्रिया केल्या. तेरा हा आकडा अनाठायी नव्हता. नळी उचलायची, तिच्यात नवा रक्तपुरवठा रुजेपर्यंत थांबायचे, मग तिचे एक टोक सोडून पुढे सरकवायचे आणि पुन्हा थांबायचे. डिलन तेव्हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यक शिकत होता. सुट्टी लागली की तो इंग्लंडला जाई आणि सत्र सुरू झाले की परते. मधल्या काळात जखमांत जंतुसंसर्ग झाल्याने लंगडावे लागले, तर तो युद्धातली दुखापत म्हणून सांगे. गिलीजने कागदोपत्री निदान लिहिले ते मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाचे. ही लपवाछपवी उपचाराचाच भाग होती, कारण नोकरी, नाव, वसतिगृहातली खोली हे सगळे तिच्यावर अवलंबून होते. १९५८ मध्ये उमराव घराण्यांच्या दोन सूच्यांतल्या विसंगतीवरून वृत्तपत्रांनी ती फोडली, आणि डिलन भारतात निघून आला. बौद्ध दीक्षा घेऊन, लडाखच्या रिझाँग मठात काही काळ राहून, १९६२ मध्ये तो डलहौसीला वारला. गिलीजच्या टाक्यांनी शरीर भरून आले होते; ज्या समाजात त्याला वावरायचे होते, तिथे मात्र त्याला जागा उरली नाही.

स्त्री होऊ इच्छिणाऱ्यांच्या शस्त्रक्रियांची वाट वेगळी. बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड याने १९१९ साली लैंगिक विज्ञानाची संस्था उघडली. तिथे काम करणाऱ्या डोरा रिश्टरवर पहिली शस्त्रक्रिया १९२२ मध्ये आणि योनी घडवण्याची १९३१ मध्ये झाली, म्हणजे मध्ये नऊ वर्षे गेली. त्याच १९३१ साली ड्रेस्डेनमध्ये लिली एल्बे ही डॅनिश चित्रकार अखेरच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत दगावली. तिच्या डॉक्टरांनी गर्भाशयाचे रोपण करण्याचा प्रयत्न केला होता, तोही सल्फा औषधे आणि पेनिसिलिन बाजारात येण्याआधी. या दोघींची तुलना करताना एल्बेचे धाडस आणि रिश्टरचा संयम असा नीतिपाठ काढण्याचे कारण नाही. त्या काळच्या शरीराला एका वेळी किती जखम झेपेल याची मर्यादा एकीच्या बाबतीत पाळली गेली, दुसरीच्या बाबतीत ओलांडली गेली, एवढेच. मे १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनची संस्था लुटली आणि तिची पुस्तके जाळली. कोणावर काय केले, कोण कसे बरे झाले, याचा साठलेला अनुभव असा तुटला, आणि पुढच्यांना बरेच काही नव्याने शिकावे लागले.

या वाटेवरचा पुढचा टप्पा गाठला जॉर्ज ब्युरू या फ्रेंच डॉक्टरने, मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात. १९५६ पासून तो लिंगाचीच कातडी उलटी आत वळवून योनीचे अस्तर करू लागला. मांडीची कातडी नुसती लावली तर ती पुढे आकसते. इथे मात्र कातडी आपला रक्तपुरवठा घेऊनच आत जाई, आणि काम एकाच बैठकीत उरके. देठ तोडायचा नाही, हे कावसजीच्या नाकामागचे तत्त्व इथे वेगळ्या जागी कामाला आले. परदेशातून लोक गुपचूप कासाब्लांकाला येऊ लागले. ब्रिटिश लेखिका जॅन मॉरिस १९७२ मध्ये गेली. पण नवी योनी आकसू नये म्हणून सुरुवातीचे कित्येक महिने दिवसातून अनेकदा, आणि पुढे कमी वेळा पण वर्षानुवर्षे, डायलेटर वापरावा लागतो. हा भाग घरी परतल्यावरचा. घरच्या डॉक्टरने अशी रोगी कधी पाहिलेली नसे, आणि ज्या मायदेशात शस्त्रक्रिया मिळत नव्हती, तिथे तिच्यानंतरची देखरेख तरी कोण करणार?

आजचे पर्याय या अनुभवातूनच वाढले आहेत. योनीसाठी ब्युरूची पद्धत, किंवा मोठ्या आतड्याचा तुकडा. आतड्याचे अस्तर स्वतः ओले राहते आणि कमी आकसते, पण त्यासाठी पोट उघडण्याचा धोका पत्करावा लागतो. तिसरा पर्याय बाहेरचा भाग घडवून आत पोकळी न करण्याचा. ज्यांना संभोगासाठी ती नको, त्यांचा डायलेटरचा जन्मभराचा नेम टळतो. ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत पाहिले, तर १९८४ मध्ये चिनी डॉक्टरांनी हाताची मनगटाजवळची कातडी तिच्या रक्तवाहिन्या व मज्जातंतूंसह उचलून, सूक्ष्मदर्शकाखाली नव्या जागी जोडून एका बैठकीत लिंग घडवण्याची पद्धत दाखवली. डिलनच्या तेरा फेऱ्या अशा आटोक्यात आल्या. पण हातावरचा मोठा व्रण कायमचा राहतो, आणि नव्या मूत्रमार्गात गळती किंवा अडथळा होऊन पुन्हा टेबलावर जावे लागणाऱ्यांची संख्या आजही थोडी नाही. दुसरी वाट छोटी: संप्रेरकांनी वाढलेले मूळचे अंग मोकळे करायचे. संवेदना शाबूत राहते, बरे व्हायला कमी दिवस लागतात, आकार मात्र लहान राहतो. कोणी मूत्रमार्ग लांबवण्याचा टप्पाच वगळतो, कोणी फक्त छातीची शस्त्रक्रिया करतो, कोणी कसलीच करत नाही. म्हणून 'सर्वांत चांगली पद्धत कोणती' हा प्रश्न फसवा आहे. किती आठवडे काम सोडता येईल, शुश्रूषेला कोण आहे, कोणता व्रण सोसेल, कोणता नेम जन्मभर निभेल, हे खरे प्रश्न, आणि त्यांची उत्तरे शल्यविशारदापेक्षा रोग्याला जास्त ठाऊक असतात.

हे सगळे पश्चिमेकडून आलेले खूळ आहे, असा आक्षेप आपल्याकडे सहज घेतला जातो. पुण्याच्या विटकऱ्याचा दाखला त्याला अर्धे उत्तर देतो; उरलेले उत्तर हिजडा समाजाच्या 'निर्वाण' या विधीत आहे. मानववंशशास्त्रज्ञ सेरेना नंदा यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. दाईअम्मा बहुचरा मातेचे नाव घेऊन अंग कापते, आणि त्यानंतर चाळीस दिवस त्या व्यक्तीला बाळंतिणीसारखे एकांतात, पथ्यावर, दुसऱ्यांच्या हातचे खाऊन राहावे लागते. चाळीस दिवस सरले की तिला नटवून समारंभ होतो. याला रम्य रंग देण्याचे कारण नाही. भूल नाही, रक्तस्राव थांबवायचे साधन नाही, जीव गेले आहेत, आणि त्यात अंग काढले जाते, नवे घडवले जात नाही. तरी एक गोष्ट या प्रथेला बरोबर कळली होती: शस्त्रक्रिया एका रात्रीची असली, तरी तिच्यामागे माणसांचा गोतावळा लागतो. इंग्रज सरकारने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही सुरू केली आणि त्यांना पोलिसांच्या नजरेखाली आणले. त्याआधीच १८६० च्या दंडविधानाच्या कलम ३२० ने जबर दुखापतींच्या यादीत खच्चीकरणाला पहिले स्थान दिले होते. डॉक्टरांना सद्हेतूच्या कलमाचा आसरा होता, दाईला नव्हता. परिणामी प्रथा थांबली नाही, फक्त आणखी आडोशाला गेली, आणि जखम चिघळली तरी रुग्णालयाची पायरी चढणे अवघड झाले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: युद्धात फाटलेला चेहरा शिवणे हे उपचार, धडधाकट शरीर कापणे ही इच्छा, दोन्ही एका ओळीत कसे बसवता? पण कावसजी नाकाशिवाय वर्षभर जगलाच होता. नाक कापण्याची शिक्षा जीव घेण्यासाठी नव्हे, माणसाला चारचौघांत तोंड दाखवता येऊ नये म्हणून दिली जाई. विटकऱ्याने परत दिली ती चारचौघांत बसण्याची मुभा. सिडकपच्या सैनिकांचेही तेच. प्लास्टिक सर्जरी जन्मापासूनच केवळ जगण्याच्या नव्हे, माणसांत जगण्याच्या सोयीसाठी आहे. मग पश्चात्तापाचे काय, असा पुढचा प्रश्न येतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात सत्तावीस अभ्यासांतल्या ७,९२८ व्यक्तींचा एकत्र विचार केला, तेव्हा पश्चात्तापाचे प्रमाण सुमारे एक टक्का निघाले. या अभ्यासांतले अनेक जण पुढे संपर्कात राहिले नाहीत, हा दोष खरा आहे, आणि तो दूर करायचा तर शस्त्रक्रिया झालेल्यांशी वर्षानुवर्षे नाते ठेवावे लागेल. उलट बाजूने १९७९ चा जॉन्स हॉपकिन्सचा अभ्यास दाखवला जातो. त्याने शस्त्रक्रियेचा सामाजिक फायदा दिसत नाही म्हटले आणि १९६६ मध्ये उघडलेला तिथला विभाग बंद झाला. त्या अभ्यासाने यश मोजले होते नोकरी, लग्नाचे संबंध, पोलिसांशी आलेला संबंध यांवरून. समाजाने नोकरी नाकारली तर ते शल्यक्रियेचे अपयश ठरले. हॉपकिन्सने हे काम २०१७ मध्ये पुन्हा सुरू केले.

सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांवरील १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात लिंग-ओळखीसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले. तरी ट्रान्स व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने कागदोपत्री स्त्री किंवा पुरुष अशी नोंद बदलण्यासाठी शस्त्रक्रियेचा दाखला मागितला. ज्याला हातावरचा व्रण नको, ज्याला सहा महिने काम सोडता येत नाही, त्याची निवड अशा दाखल्याने हिरावली जाते, कारण मग पर्याय शरीर पाहून नव्हे, कागद पाहून निवडावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये मात्र शस्त्रक्रियेच्या आधीच्याच नव्हे, नंतरच्याही समुपदेशनाची आणि विम्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. २०२२ पासून आयुष्मान भारतमध्ये ट्रान्स व्यक्तींसाठी वेगळी विमा योजनाही आखली गेली. इथवरच्या इतिहासाचा काही उपयोग असेल, तर तो ही जबाबदारी मोजण्याच्या पद्धतीत दिसला पाहिजे. किती शस्त्रक्रिया केल्या हा आकडा रुग्णालयाला सोपा पडतो. विचारायला हवे ते असे: सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी रोगी तपासायला आला का, मूत्रमार्ग अडला तेव्हा त्याच गावात कोणी भेटले का, आणि शुश्रूषेच्या दिवसांची मजुरी कोणी भरून दिली. या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर पर्यायांची यादी कितीही लांबली तरी ती फक्त पैसेवाल्यांसाठीच पर्याय राहील.